मुक्ताबाईचा झरा

भूकंपानं मुक्ताबाईचं घर घेतलं आणि झरा दिला, असं छावणीतली माणसं म्हणायची. घर काय, सगळ्यांचंच गेलं होतं. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलली आणि तीन वाड्यांची माणसं पाटणच्या बाजूला एका माळावर पत्र्याच्या शेडांत येऊन पडली. पण माळाच्या खालच्या अंगाला, जिथं आजवर कुसळाशिवाय काही उगवलं नव्हतं, तिथं दगडांच्या फटीतून पाणी यायला लागलं, आणि ते पहिल्यांदा दिसलं मुक्ताबाईला.

आता बघा, या बाईला उभ्या जन्मात कुणी कशाला विचारलं नव्हतं. नवरा लवकर गेला, भावकीनं सरकवत सरकवत कोपऱ्यात लोटली, लग्नाकार्यात कायम मागच्या पंगतीला. तिनं झऱ्यापाशी दगड रचले, एकाला शेंदूर फासला आणि सांगितलं की देवीनं घर पाडलं पण घोटभर पाणी दिलं. ते सगळ्यांना पटलं. पटणारच की! एवढं सगळं गेल्यावर माणसाला काहीतरी मिळालेलं हवं असतं. तेव्हापासून झऱ्यावर आधी कुणी भरायचं, नंतर कुणी, हे मुक्ताबाई ठरवायची. हिंदुरावांसारखा मिशीवाला कारभारीसुद्धा तिच्यापुढं घागर घेऊन गुमान उभा राहायचा.

वैशाखात वळवाचे दोन पाऊस झाले आणि छावणीत पटकी शिरली. त्या वर्षांत तिची साथ देशोदेशी फिरत होती म्हणे. माळावरच्यांना दिसलं ते एवढंच, की आठ दिवसांत चार माणसं उलट्या-जुलाबांनी वाळून गेली. सांगलीहून ज्योतिबा वाघमारे नावाचा सॅनिटरी इन्स्पेक्टर आला. त्यानं सगळ्यांना लस टोचली, चुना मारला, टँकर आणवला आणि त्याच्या पाण्यात पावडर कालवली. लोकांनी सुया घेतल्या, पण पाणी घेईनात. वास मारतंय, म्हणाले. दुसरं कारण कुणी तोंडावर बोलत नव्हतं. ज्योतिबाचं घराणं बौद्ध झालेलं होतं, आणि घर सोडून पळताना भांडी राहिली तरी असल्या गोष्टी माणसं न विसरता बरोबर घेतात. ज्योतिबाला ते कळत होतं. तो रोज टँकरपाशी उभा राहायचा आणि टँकर रोज तसाच भरलेला परत जायचा.

मग मुक्ताबाईची सून पडली. सुला एकोणीस वर्षांची. नवरा धोंडिराम सांगलीला हळदीच्या वखारीत हमाल, म्हणून सासू-सुना दोघीच शेडात राहायच्या. भूकंपात भिंतीखालून सासूला हातांनी उकरून काढलं ते या पोरीनं. मुक्ताबाईचा तिच्यावर भारी जीव. छावणीवरच्या डॉक्टरनं सुलाला दवाखान्याच्या तंबूत घातलं, सलाईनची बाटली लावली आणि बाहेरचं पाणी देऊ नका म्हणून बजावलं. पण मुक्ताबाई रोज संध्याकाळी पदराखाली तांब्या लपवून न्यायची आणि झऱ्याचं पाणी तीर्थ म्हणून तिला पाजायची. पोर जरा डोळे उघडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गळायची. देवी परीक्षा बघतेय, असं मुक्ताबाईला वाटायचं.

ज्योतिबानं माळ चार वेळा चालून पाहिला. संडासाचे चर वरच्या अंगाला खणलेले होते आणि झरा त्यांच्या बरोबर खाली. तो भांडला नाही. मुक्ताबाईपाशी येऊन बसला आणि सरळ सांगितलं की आज चरात काळं फिनेल ओततो, वर टँकरचं पाणी सोडतो. सकाळी झऱ्याला वास आला नाही तर टँकर घेऊन तो सांगलीला जाईल, पुन्हा तोंड दाखवणार नाही.

"पण वास बघायचा तो तुम्ही, मावशी," तो म्हणाला. "माझे हातच फिनेलचे. मला सगळीकडं तोच वास येतो. आणि माझं इथं ऐकतंय कोण?"

मुक्ताबाई हसली. देवीच्या पाण्याला कसला आलाय वास, म्हणाली आणि तिनं पैज घेतली.

सकाळी सगळी छावणी झऱ्यावर गोळा झाली. हिंदुराव पुढं झाले, वाकले, पण जन्मभर तपकीर ओढून त्यांचं नाक कधीच मेलेलं. काय कळत न्हाई बुवा, म्हणून मागं सरले. मुक्ताबाईनं ओंजळ भरली आणि नाकाशी नेली.

वास होता. पुसट होता, पण होता. तिनं ओंजळ टाकून दुसरी भरली, तिसरी भरली. मागं माणसं तिच्या तोंडाकडं बघत उभी होती. त्यात लक्ष्मीबाई होती, जिचा नवरा आठवड्यापूर्वी गेला. नाही म्हणून नुसती मान हलवली असती तरी झरा राहिला असता, मान राहिला असता, इन्स्पेक्टर आपल्या वाटेनं गेला असता. हो म्हटलं की चार मढी तिच्या दारात, आणि पदराखालचा तो तांब्याही. धरणीनं पुन्हा एकदा हलावं आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं मुक्ताबाईला वाटलं. पण सुला अजून तंबूत होती, आणि अजून जिवंत होती.

"येतोय वास," ती म्हणाली. "ह्ये देवीचं पानी न्हाई. वरच्या चराचं हाय. अन् मी पाजलंय, तुमास्नी अन् माझ्या सुनंलाबी."

शिव्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. लक्ष्मीबाईनं आपली भरलेली घागर तिथंच ओतली आणि ती रिकामी घेऊन टँकरकडं चालू लागली. तिच्यामागून एकेक जण निघाला. मुक्ताबाईनं रचलेले दगड स्वतःच्या हातांनी फटीत सारले, ज्योतिबानं वर माती ओढली. मग टँकरपाशी जाऊन तिनं तांब्या त्याच्यापुढं धरला. त्यानं तो भरून दिला.

तंबूत सुला जागी होती. ओठ फुटलेले, आवाज पार बसलेला.

"आत्याबाई, झऱ्याचं आणलंय?"

मुक्ताबाई खाली बसली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. झरा बुजवला, ते पाणी घाणीचं होतं, तुला आजारी ठेवलं ते मीच, असं सगळं तिनं पोरीला सांगून टाकलं. सुलानं तांब्याकडं पाहिलं.

"ह्ये टँकरचं हाय," मुक्ताबाई म्हणाली. "नर्सबाईला बोलवते, ती पाजंल. माझा हात नगं."

सुलानं तिचा पदर धरला. धरायला जोर नव्हता, बोटं नुसती अडकवली.

"नर्स कशाला?" ती म्हणाली. "तुमीच पाजा." आणि तिनं तोंड उघडलं.