पहिले बारा फूट

"देव जरी आला तरी दार उघडायचं नाही!" न्हाणीघराच्या आतून जयवंत सावंतांनी तिसऱ्यांदा बजावलं.

"एप्रिलच्या उन्हात देव कशाला येतोय आमलीत?" नलिनीबाई बाहेरून म्हणाल्या आणि दाराखालच्या फटीत त्यांनी आणखी एक गोधडी कोंबली.

आत मिट्ट काळोखात सावंत झाकणाच्या काळ्या बादलीत पन्नास फूट रंगीत फिल्म चाचपडत भरत होते. बाहेर ओट्यावर शेजारची कोंडाबाई आणि तिची सहा वर्षांची ममता अगदी गप्प बसल्या होत्या. कोंडाबाईने आज कारखान्यात खाडा केला होता. चार वर्षांतला हा तिचा दुसरा खाडा.

सावंत मूळचे कुडाळचे, सिल्वासाला सरकारी कचेरीत कारकून; बिऱ्हाड तिथल्याच आमली भागात. कचेरीतल्या फाइलीला आठ आठ दिवस हात न लावणारा हा माणूस घरी चिमूटभर पावडरीसाठी तास तास तराजू घेऊन बसे. सिनेमाची हौस म्हणून त्यांनी जुना चावीचा कॅमेरा घेतला होता. फिल्म धुऊन देणारी मुंबईची लॅब बंद पडली, तेव्हा माणसाने शहाण्यासारखा नाद सोडला असता. सावंतांनी मुंबईहून पावडरी आणल्या, एक परदेशी माहितीपुस्तक पाठ केलं आणि फिल्म घरीच धुवायला घेतली. पहिल्या प्रयत्नात मेहुण्याचं लग्न हिरवंगार निघालं. नलिनीबाई महिनाभर माहेरी तोंड दाखवेनात. दुसऱ्या खेपेला मात्र रंग जागेवर आले, आणि मगच त्यांनी कपाटातलं ते जुनं, न धुतलेलं रीळ बाहेर काढलं.

पाच वर्षांपूर्वी धुळवडीला दोन्ही बिऱ्हाडं खानवेलला नदीवर गेली होती. कोंडाबाईचा नवरा झुंबर तेव्हा होता. कॅमेरा समोर धरताच तो असा हसत सुटला होता की सावंतांना चावी संपेपर्यंत थांबवेना. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काविळीने तो गेला. पारोळ्याकडच्या गावात त्यांच्या लग्नाला फोटोवाला नव्हता. त्याच्या कारखान्याच्या गेटपासवर नखाएवढा एक फोटो होता, तोही पास जमा करताना गेला. "माझे पप्पा कसे होते?" असं ममताने विचारलं की कोंडाबाई म्हणायची, "तुह्यासारखे." मग ती पोर आरशासमोर जाऊन उभी राहायची.

तिला बापाचा चेहरा दाखवायचा, एवढ्यासाठी आजचा सगळा खटाटोप चालला होता.

पहिलं औषध झालं. बादलीभोवती टोपात बर्फाचे तुकडे होते, कारण औषध जरा जास्त तापलं तरी रंग बिघडतात. मग दार उघडून सावंत बादली घेऊन थेट अंगणात आले आणि त्यांनी ओली फिल्म हातभर बाहेर काढून उन्हात धरली. कोंडाबाई ताडकन उठली.

"अहो भाऊ! उजेडात काय काढून राह्यले? जळून जाईन ना!"

"या फिल्मला मध्येच एकदा उजेड दाखवावाच लागतो, कोंडाबाई. त्याशिवाय रंग धरत नाही. आता भ्यायचं कारण नाही."

"सिनेमाचं समदंच उलटं," ती म्हणाली आणि पुन्हा बसली.

पुढची औषधं उजेडातच झाली. शेवटी राहिला फिल्मच्या पाठीवरचा काळा थर. तवा घासताना निघते तशी काजळी, ती ओल्या फडक्याने पुसून काढायची. मागच्या खेपेला सावंतांच्या नखांनी ओरखडे पडले होते. म्हणून ते म्हणाले, "कोंडाबाई, तुम्हीच पुसा. तुमचा हात हलका. नुसती पाठ पुसायची."

कोंडाबाई सूत कारखान्यात चेकिंगला होती. दिवसभर हजारो धागे अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सोडायचे, गाठ लागली की थांबायचं. तिने फडकं बोटाला गुंडाळलं, पाठीला लावलं, अंगठा दुसऱ्या, चित्राच्या बाजूने टेकवला आणि फिल्म तशीच सरसर ओढायला लागली. सावंत पुढचं टोक वळणीवर टाकत होते, नलिनीबाई तांब्याने पाणी घालत होत्या. बर्फ केव्हाच संपला होता. टाकीचं पाणी उन्हाने तापलेलं. कोमट पाण्यात चित्राचा थर सायीसारखा मऊ पडतो हे सावंतांना पक्कं ठाऊक होतं. पण ममता दर मिनिटाला विचारत होती, "झालं का, काका?" आणि खरं सांगायचं तर त्यांनाही धीर नव्हता.

बारा फूट गेल्यावर त्यांचं लक्ष वळणीकडे गेलं. फिल्म काचेसारखी स्वच्छ झाली होती. नको तितकी स्वच्छ.

"थांबा!"

कोंडाबाईच्या अंगठ्यावर तपकिरी-नारिंगी बुळबुळीत रंग होता. तिने तो उन्हात धरला. "हे काय, भाऊ?"

"औषध आहे," सावंत म्हणाले. "हात धुऊन टाका. उरलेलं मी करतो."

ती अंगठ्याकडे पाहत राहिली, मग नळावर गेली.

उन्हं कलली तेव्हा फिल्म वाळली. खिडकीला गोधडी लावून सावंतांनी प्रोजेक्टरचं यंत्र सुरू केलं. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन आला. पाऊण मिनिट तोच. मग एकाएकी नदी उमटली, निळी, खरीखुरी निळी. दुमडलेल्या पॅन्टने झुंबर पाण्यातून पलीकडे चालला होता, खांद्यावर वर्षाची ममता, तिचं लाल झबलं. तो चालत चालत लांब गेला. एकदाही मागे वळला नाही. रीळ संपलं.

"तोंड कुठे?" ममताने विचारलं.

सावंतांनी यंत्र बंद केलं. "सुरुवातीचा भाग माझ्या औषधाने गेला, बाळ. चूक माझी." काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी कात्री घेतली. कोरा तुकडा काढून टाकला तर निदान सुरुवात तरी चित्राने होईल.

"कापू नका," कोंडाबाई म्हणाली.

"त्यात काही उरलेलं नाही, कोंडाबाई."

"भाऊ, धागा खराब आला का हाताले पहिले समजते. मले तव्हाच समजलं व्हतं. पन हात थांबलाच नई." तिचा आवाज शांत होता. "तुम्ही तुमच्यावर घेऊ नका. आन कापू नका. ते त्याच्यातच हायेत. पुन्यांदा लावा."

सावंतांनी रीळ पुन्हा चढवलं, यंत्राचा वेग जमेल तितका कमी केला. भिंत पांढरी झाली. कोंडाबाईने ममताला पुढ्यात घेतलं.

"हे पाह्य. काठावर उभे हायेत. गालावर गुलाल. डाव्या भिवईत एक खाच हाये, लहानपनी बैलाने मारलेली. आता काका म्हनले, झुंबर, इकडे पाह्य. तं हसून राह्यले. पुढचा एक दात जरा आडवा, म्हनून हात नेतेत तोंडावर. असे. पन हसू थांबत नई. तू खाली रडून राह्यली, म्हनून वाकले. तुले उचललं. खांद्यावर घेतलं."

ममता डोळे फाडून त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत होती.

"आता वळले पाह्य," कोंडाबाई म्हणाली, आणि भिंतीवर झुंबर पाठमोरा नदीत उतरला.