मुड्यांची मांडणी

मित्रांनो, मी सागाची एक जुनी मांडणी आहे. धरमतरच्या खाडीकाठी बियाण्याच्या वखारीत माझं तरुणपण गेलं. माझं लाकूड पालीकडच्या डोंगरातलं. बैलगाडीतून ते खाली आलं, तेव्हा देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती.

खाडीकाठच्या सात गावांनी मिळून तेव्हा सोसायटी काढली होती. इथली जमीन खारी. तिच्यात राता नावाचं लाल भातच तग धरतं. घरोघरी ठेवलेलं त्याचं बी कधी उंदीर खात, कधी टंचाईच्या दिवसांत माणसंच शिजवून खात. म्हणून सगळ्यांचं बी एका वखारीत ठेवायचं ठरलं. बी ठेवत ते मुड्यांमध्ये. मुडा म्हणजे भात पेंढ्यात गुंडाळून दोरीने आवळलेला गोल गठ्ठा, भल्या मोठ्या भोपळ्यासारखा.

सोसायटीचा चिटणीस होता शिवदास. तो मुंबईच्या बंदरावर कापडाच्या वखारीत सहा वर्षं काम करून आला होता. तिथल्यासारखीच मांडणी इथे हवी, असं त्याने गुणाजी सुताराला सांगितलं. सपाट फळ्या, एकीला एक भिडवलेल्या. जमिनीपासून आढ्यापर्यंत चार कप्पे, पाठ भिंतीला टेकलेली. गुणाजीने एकदा विचारलं, की आत ठेवायचं काय ते आधी बघू या का? शिवदास म्हणाला की मांडणी ती मांडणी, काहीही ठेवता येतं. गुणाजीने मग मन लावून काम केलं. माझ्या फळ्यांवरून हात फिरवला तर एक कूस लागत नसे. मला पाहायला सात गावं आली. मी फुलून गेले होते.

कार्तिकात मुडे आले. सपाट फळीवर ते गडगडत, म्हणून माणसांनी ते एकमेकांत दाबून बसवले. वखार भरली. शिवदास खूश झाला.

वखारीची राखण सोनूबाईकडे होती. ही साठीची बाई, नवरा गेल्यापासून एकटीने शेती करणारी. बी ओळखण्यात तिच्याइतकं जाणतं कोणी नव्हतं. पौषात तिने माझ्या खालच्या, मधल्या आणि वरच्या कप्प्यातल्या मुड्यांतून मूठमूठ दाणे काढले, ओल्या फडक्यात बांधले आणि चुलीजवळ ठेवले. चार दिवसांनी तिने फडकी सोडली. वरच्या कप्प्यातल्या दाण्यांना मोड आले होते. मधल्यातले निम्मे मुके होते. खालच्या भिंतीकडच्या मुड्यातला एकही दाणा उगवला नव्हता.

मित्रांनो, मी कुणाचं काही चोरलं नव्हतं की सांडलं नव्हतं. तरी माझ्या अंगावर बी मेलं होतं. त्या दिवसासारखी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

सोनूबाईने शिवदासला बोलावून ती फडकी दाखवली. आवाज चढवला नाही.

"शिवदासा, बी जितं हाय. त्याला वारा लागतो. तू त्याला कापडाच्या गठ्ठ्यागत कोंडलंस."

शिवदासने ते मुके दाणे तळहातावर घेऊन बोटाने उलटेपालटे केले. मग म्हणाला, "चूक माझी हाय, आत्या. आता तुम्ही सांगाल तशी करू."

गुणाजी पुन्हा आला. या वेळी तो आधी मुड्यांपाशी बसला. त्यांचा घेर दोरीने मापला, एक मुडा उचलून वजनाचा अंदाज घेतला. मग त्याने माझ्या फळ्या काढून त्यांच्या पट्ट्या केल्या, दोन पट्ट्यांत चार बोटांची फट ठेवली आणि प्रत्येक पट्टीला मुड्याच्या पोटाइतका खोलगट बाक दिला. उंदीर चढू नयेत म्हणून पायांना पत्रा ठोकला. मला भिंतीपासून मांजर फिरेल इतकं दूर उभं केलं. सोनूबाईने हट्ट धरला की खालचा कप्पा कंबरेइतका उंच हवा. त्यात एक कप्पा कमी झाला, तरी शिवदास हो म्हणाला. आता मुडे माझ्यात पाळण्यातल्या बाळासारखे बसत. खालून वर वारा खेळे.

तीन वर्षांनी ज्येष्ठाच्या अमावास्येला मोठं उधाण आलं आणि खाडीचा बांध फुटला. पेरलेली कोवळी रोपं खाऱ्या पाण्याखाली गेली. वखारीतही पाणी शिरलं. ते माझ्या पत्र्यावर चढलं, पायांवर चढलं. खालच्या कप्प्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं, आणि ओहोटीबरोबर परत गेलं.

सोसायटीने राखून ठेवलेले साठ मुडे माझ्यावर होते. सगळे कोरडे. माणसं चिखल तुडवत वखारीत आली. सोनूबाईने एक मुडा सोडून मूठ भरून बी नाकाशी नेलं. म्हणाली, "हाय. जितं हाय."

बांध सगळ्यांनी मिळून बांधला. उंच जमिनीवर पुन्हा रोप टाकलं. पावसाने शेतातला खार धुऊन नेला, आणि श्रावणात लावणी झाली. पीक उशिरा आलं, पण आलं. शिवदासने पहिल्या लोंब्या आणून माझ्या खांबाला बांधल्या. सोनूबाई नुसती हसली.

पुढे साठ सालानंतर मुडे कमी झाले. गोणपाटाची पोती आली, खत आलं. पोती माझ्या बाकात नीट बसत ना, मधून लोंबत. एका पावसाळ्यात खताच्या पोत्याखाली माझी एक पट्टी मोडली. गुणाजी तेव्हा हयात नव्हता. पोत्यांसाठी लोखंडी मांडणी आली, सपाट आणि भक्कम. त्या मालाला ती योग्यच होती. मला सोनूबाईच्या पडवीत लोटलं. दोन वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या.

एके दिवशी शेजारच्या गावची नलू कुंभारीण सोनूबाईकडे मडकी द्यायला आली. तिने माझ्या पट्ट्यांवर हात फिरवला आणि एक मडकं सहज माझ्या बाकात ठेवलं. ते हललं नाही. थकलेल्या सोनूबाईने मला गाडीत चढवायला लावलं आणि नलूला एवढंच बजावलं, की मोडलेली पट्टी आधी बदल.

तिने बदलली. आज माझ्यावर चाळीस मडकी आहेत. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू निकामी वाटली, तर तिला टाकण्याआधी तिच्या जोगतं काम शोधा, आणि तिची मोडतोड दुरुस्त करा. मला एवढंच हवं होतं. उद्या पेणचा बाजार आहे. नलू पहाटे येईल, एकेक मडकं बोटाने वाजवून बघेल आणि गाडीत भरेल. भट्टीतली नवी मडकी निवायला ठेवली आहेतच.