उभी मुलगी

गुडघ्याजवळची ती कडी, बोटाच्या पेराएवढी... खाली सरकवली की कॅलिपरमधला, त्या आधाराच्या लोखंडी पट्ट्यांमधला पाय सळईसारखा ताठ, वर ओढली की मोकळा. भिमीच्या दोन्ही कड्या खाली बसवून रविना ओसरीच्या पायरीवर टेकली. डोळखांबच्या रस्त्यावरच्या वळणांची गुंगी अजून उतरली नव्हती. समोर नाचणी डुलत होती की आपणच, हे तिला नीट कळेना.

शहापूरहून ती पंधरवड्याने इथे येई. गावाला ती 'व्यायामाच्या बाई'. पायांत बळ नसलेली भिमी पूर्वी जमिनीवरून सरकत सगळीकडे पोचायची, सगळ्यांच्या आधी. मग कॅलिपर आले, भिमी उभी राहिली आणि तिची आई पारू रडली होती. तेव्हाच म्हणाली होती— "कडी काढायला शिकवू नका, बाई. बसली का मंग उठायची नाय ती." पटलं होतं मला, रविनाच्या मनात आलं... पटलं होतंच ना?

ओसरीवर बसलेल्या मुलींचे सागरगोटे उडत होते. भिमी भिंतीला टेकून, मान खाली घालून पाहत होती.

"भिमे, तू उभीच हायस ना? आमच्या चपला बघ गो, कुत्रा नेल."

"तूच कुत्री," भिमी म्हणाली. मुली हसल्या, तीही हसली, आणि पुढचा गोटा वर गेला तसे तिचे डोळे त्याच्यामागून वर गेले, खाली आले, पुन्हा वर... दुपारच त्या गोट्याबरोबर उडते आहे असं रविनाला वाटत राहिलं.

"बाई, मला खाली बसवा ना."

"मी गेल्यावर कोण बसवेल?"

"कोण नाय."

रविना उठली. तिने भिमीची बोटं धरून कडीवर ठेवली. भिंतीला पाठ लाव... आता ओढ... आता दुसरी. भिमी भिंतीवरून घसरत खाली आली, धपकन, आणि एका हाताने पुढे सरकत ओरडली, "सरका गो, माझा डाव!"

तिने वळूनही पाहिलं नाही.

उठशील ना परत?— रविनाला विचारायचं होतं. पारूला काय सांगायचं, तेही ठरवायचं होतं. ती पुन्हा पायरीवर टेकली. ऊन अंगावर येत गेलं, आणि आपण बरोबर केलं की घात केला, हे लगेच कळायला हवं असं रविनाला वाटेनासं झालं.