मिठाच्या बरणीसमोरचं घर

मित्रांनो, मी एक जुनी गोगलगाय आहे. शंखात दडूनच बोलते आहे, तेव्हा आवाज बारीक आला तर राग मानू नका. बाहेर यायचं धाडस होत नाही. समोरच्या फळीवर मिठाची बरणी आहे आणि नुकतंच कुणीतरी तिचं झाकण फिरवलं. आम्हाला कान नसतात, मग हे कसं कळलं, असं विचारू नका. भीतीला कान लागत नाहीत.

माझा जन्म याच खोलीतला. घराच्या मागच्या अंगाला ही ओलसर खोली आहे. तिच्यात लाकडी खोकी, खोक्यांत दमट माती आणि मातीत आम्ही. मी अंड्यातून निघाले तेव्हा माझा शंख कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होता. या घराच्या मालकिणीला सगळे काकू म्हणतात. त्या आम्हाला कोबीची पानं घालायच्या, शंख टणक व्हावा म्हणून अंड्याच्या टरफलांची पूड भुरभुरायच्या. लोक लबाड माणसाला 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतात. मित्रांनो, माझ्या पोटात लबाडी नाही हो. असली तर भीतीच आहे.

माझ्या अंगातून एक बुळबुळीत स्राव निघतो. 'शी!' म्हणू नका, त्याच्यावरच माझा जीव आहे. तो अंगातलं पाणी धरून ठेवतो, म्हणून मी सुकत नाही. तो पोटाखाली पसरतो, म्हणून खडबडीत दगडावरूनही मला ओरखडा न उठता जाता येतं. तुमच्या कातडीलाही तो ओलावा देतो, ती मऊ ठेवतो. काकू आमच्यावर कोमट पाण्याचा फवारा मारायच्या आणि आम्हाला स्वच्छ काचेवर सोडायच्या. आम्ही आमच्या चालीने फिरायचो. मागे राहिलेला स्राव त्या रबराच्या पट्टीने एका वेगळ्या बरणीत गोळा करायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि चेहऱ्याला लावायच्या मलमात मिसळायच्या. गिऱ्हाइकं आमच्याकडे बघून नाक मुरडायची आणि जाताना दोन डब्या जास्तच न्यायची.

"सुरकुत्या पुसायला हे खोडरबर नाही बरं का," काकू प्रत्येकीला बजावायच्या. "कोरडेपणा कमी होईल, कातडी ओढणार नाही. त्याच्यापुढचं मला विचारू नका." मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

पण आमचा स्राव काचेवर वाळला की डिंकासारखा चिकटतो. साबणाला दाद देत नाही. मिठाने घासला तर मात्र सुटतो. म्हणून काच आधी मिठाने घासायची आणि मग वाहत्या पाण्याखाली धरायची, अशी इथली रीत. तुमच्यात म्हणे जखमेवर मीठ चोळतात. आमच्या बाबतीत जखमेचीही गरज नसते. मीठ अंगाला लागलं की आतलं सगळं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून ती बरणी हलली तरी आमची पाचावर धारण बसते.

एकदा मलमाची मोठी मागणी आली. काकूंची सून मदतीला आली. हात चलाख, पण काम नवं. काकूंचा धाकटा मुलगा दारात डब्या भरत होता. "वहिनी, आटपा! गाडी येईल आता," असा त्याचा धोशा चालला होता. सुनेने काच मिठाने घासली आणि घाईत पाण्याखाली न धरता नुसती फडक्याने पुसली. काच लख्ख दिसत होती. तिने मला आणि माझ्या शेजारणीला तिच्यावर ठेवलं.

पोट टेकलं आणि आग आग झाली. पळायचं कुठे? माझं पोट हेच माझं पाऊल. जितकं सरकावं तितकं भाजत होतं. अंगातून फेस उसळायला लागला. मला ओरडताही येईना.

"अगंबाई, आज किती खूश आहेत या!" सून म्हणाली. "भावोजी, बघा तरी केवढा फेस!"

"वा! एका दमात बरणी भरणार!"

काकू आत आल्या. त्यांच्या हातातली गाळणी खाली पडली. "अगं, खूश कसल्या, मरताहेत त्या!" त्यांनी आम्हाला उचलून साध्या पाण्यात धरलं. मी वाचले. शेजारीण शंखातून पुन्हा बाहेर आलीच नाही.

खरी भीती तर पुढेच होती. धाकट्याने काचेवरचा सगळा फेस स्रावाच्या बरणीत ओढला आणि ती उजेडात धरून म्हणाला, "आई, अगदी चिमूटभर मीठ वापरलं तर? काम किती लवकर होईल!"

काकूंनी बरणी त्याच्या हातातून घेतली आणि तोलून पाहिली. गाडी यायची होती, डब्या रिकाम्या होत्या. त्यांचं ते तोलणं मला मिठापेक्षा जास्त झोंबलं.

सुनेच्या बोटांना धुण्याभांड्याने भेगा पडल्या होत्या. तिने एक बोट त्या फेसात बुडवलं आणि झटक्यात मागे घेतलं. तिचे डोळे भरून आले. "झोंबतंय हो आई. माझ्या एवढ्याशा भेगेला इतकं झोंबलं. यांचं तर सगळं अंगच उघडं."

काकूंनी ती बरणी मोरीत ओतली. गाडी थोड्याच डब्या घेऊन गेली.

त्या दिवसापासून सून धुतलेल्या काचेवरून बोट फिरवते आणि जिभेला लावते. खारट लागलं तर काच पुन्हा पाण्याखाली जाते. "वहिनी काचा चाटतात," असं धाकटा चिडवतो. चिडवू दे. त्या जिभेवर आम्ही सगळ्या जगलो आहोत.

मित्रांनो, आज सून माहेरी गेली आहे. काकूंचे गुडघे धरले आहेत. काच धाकट्याने घासली, आणि त्याला नेहमीसारखीच घाई आहे. आमचं जे हवं ते घ्या, आम्ही चालता चालता देऊन जातो. पण मुक्या जिवाला कुठेही ठेवण्याआधी तिथे आपलं बोट टेकवून बघा. आम्हाला 'नको' म्हणता येत नाही.

त्याने मला उचललं आहे. दुसऱ्या हाताचं त्याचं बोट काचेवरून फिरलं, एवढं मला कळलं. ते जिभेला लागलं का, हे अजून कळलेलं नाही.