इस्त्रीचं दुष्ट जनुक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर जनुकबाबा, दोन हातांत दोन फवारे. बाबांच्या पिवळ्या कागदावर आपली लाळ लावायची. बाबांनी पहिला फवारा मारला की कागद लालभडक. "सात पिढ्यांचं दुष्ट जनुक!" दुसरा फवारा मारला की कागद पुन्हा पिवळा, म्हणजे जनुक धुतलं गेलं. सकाळपासून शंभरेक जनुकं धुऊन झाली होती. माझ्या लाँड्रीत इतकी झटपट धुलाई होत नाही.

मी पोट धरून हसले असते, पण धुतलेल्यांत माझी ताई होती. तिच्या स्तनात कॅन्सरची गाठ. सोमवारी पहिलं इंजेक्शन. गाठीची तपासणी करून तिला लागू पडेल असंच औषध डॉक्टरबाईंनी निवडलं होतं. रक्ताच्या तपासणीत मात्र एका जनुकात वेगळाच बदल निघाला. तो घातक की निरुपद्रवी, ते अजून माहीत नाही, असं बाईंनी सरळ सांगितलं. आपल्यासारख्या बायकांचे नमुने संशोधनात फार थोडे आहेत म्हणे. त्या 'माहीत नाही'ची ताईने धास्तीच घेतली. बाबांना तर सगळंच माहीत होतं. बाबांनी जनुक धुतलं की झालं, सोमवारी जाणार नाही, असं तिने घरातून निघतानाच जाहीर करून टाकलं.

हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात लाल होतो आणि लिंबू पिळलं की पिवळा, हे मी रोज बघते. मी रांगेत उभी राहिले. कागदाला लाळ लावलीच नाही. कपड्यांवर शिंपडायच्या बाटलीतलं पाणी लावलं.

फुस्स. लाल. बाबांनी डोळे मिटले. "आजीकडून आलंय. स्तनात उतरतंय."

"बाबा, हे माझ्या इस्त्रीचं पाणी आहे," मी माइकजवळ जाऊन म्हणाले. "इस्त्रीची आजी कोणत्या कारखान्यातली?"

असा हशा पिकला की खुर्च्या हलल्या. मग मी पिशवीतून हळदीचा डाग पडलेला रुमाल काढला, सोड्याने आजारी पाडला आणि लिंबाने बरा केला. तेवढ्यात बाबा मागच्या दाराने पसार झाले.

ताई तेवढी हसत नव्हती.

"म्हणजे गाठ आहे तिथेच आहे?"

"आहे. आणि सोमवारही आहे."

सोमवारी इंजेक्शनआधी ताईनेच बाईंना विचारलं, माझा नमुना संशोधनाला चालेल का. हवाच आहे, म्हणाल्या बाई. "घ्या मग. पुढच्या बाईला तरी उत्तर मिळू दे." सही करताना ताई पहिल्यांदा हसली, आणि मला रडू आलं.

म्हणून सांगते, बायांनो. ज्याला सगळं माहीत आहे, त्याच्या कागदावर आधी नळाचं पाणी टाकून बघा. आणि जो 'माहीत नाही' म्हणून शोधायला बसतो, त्याला आपला नमुना द्या.