आधी चालायचा मान

"दाजी, थांबा. पाय टाकू नका." मी त्यांचा कमरेचा बेल्ट मागून धरला.

"सोड. खाली गिलाव्याची माणसं खोळंबलीत."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. इमारतीला लावलेली नळ्या-फळ्यांची परांची ज्याने बांधली, त्यानेच आधी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचं. मगच बाकीच्यांनी चढायचं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या टोळीतले सगळ्यात जुने. हा मान कायम त्यांचाच. चार मजल्यांवरच्या फळीवरून ते घरातल्या घरात फिरावं तसे चालत.

पण हल्ली त्यांना चक्कर येत होती. ताईने मला बजावलं होतं, "सकाळी भिंत धरून मोरीपर्यंत जातात. विचारलं तर म्हणतात, झोप झाली नाही. तू लक्ष ठेव बाबा."

लक्ष ठेव म्हणे. ठेवून करू काय? मुकादमाच्या कानावर घालावं, तर दुसऱ्या दिवशी दाजींच्या जागी दुसरा माणूस. आम्ही रोजंदारीचे, आमच्या आजारपणाला सुट्टी नसते, हकालपट्टी असते. न सांगावं, तर एक दिवस ताईच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभा राहू? इकडे आड, तिकडे विहीर. जिवाला चैन नव्हतं. काम करताना माझे डोळे नळ्यांवर कमी आणि त्यांच्या पावलांवर जास्त.

"बहिणीचं ऐकून मला शहाणपण शिकवू नकोस," ते मान न वळवता म्हणाले. "ठणठणीत आहे मी."

"तुमचं नाही बोलत. हा क्लॅम्प बघा."

दोन नळ्या जोडणारा तो क्लॅम्प. त्याचा नट मी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. खरं तर पान्याशिवाय तो हलता कामा नये; फळीचा सगळा भार त्याच्यावर.

दाजी खाली बसले. त्यांनी स्वतःच्या बोटांनी तो फिरवून पाहिला.

"हा मी लावला?"

खोटं बोलावंसं वाटलं. माझ्या हातून राहिला म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण ती बाजू त्यांनी बांधली होती आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

"तुम्हीच."

"वाकलो तेव्हा अंधारी आली होती," ते हळू म्हणाले. "आवळायचं राहूनच गेलं."

त्यांनी तो नट आवळला. मग आम्ही दोघांनी त्या बाजूचा एकेक क्लॅम्प तपासला. बाकी सगळे घट्ट होते. मग पान्यासकट बेल्ट माझ्या हातात देऊन ते शिडीने उतरायला लागले, प्रत्येक पायरी पायाने चाचपत. मला भयंकर राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं.

खालून मुकादमाचा आवाज आला, "काय रे, मुहूर्त बघताय का?"

"मला चक्कर येते," दाजी सगळ्यांदेखत म्हणाले. "मी आता वर जाणार नाही. माझा मेव्हणा चालेल."

मुकादम म्हणाला, "मग उद्यापासून नको येऊस."

"बरं."

मी चाललो. फळ्या पक्क्या होत्या. टोकाला पोचून खाली पाहिलं. गिलाव्याची माणसं चढायला लागली होती आणि दाजी शिडी दोन्ही हातांनी धरून उभे होते. शिडी वर तारेने घट्ट बांधलेली होती. तिला धरायची काही गरज नव्हती.