डॉक्टरांनी स्वच्छ केलेली टाकी

ताईचा पारा चढला तो दवाखान्याच्या दारातच. धाकट्या भावाच्या दातांच्या नव्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, तिनं जीव ओतून माशांची टाकी लावली होती. आणि सोमवारी सकाळी येऊन बघते तर सहाच्या सहा मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. तिच्या घरचे मासे, पिल्लं होती तेव्हापासून तिनं वाढवलेले.

तिनं पिशवी खुर्चीवर आदळली, काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गर्द हिरवं झालं. म्हणजे अमोनिया. मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरत होते.

पण असं होईलच कसं? ती घाण पचवणारे जिवाणू नव्या टाकीत आधी रुजवावे लागतात, आणि ते तिनं रुजवले होते. पाच आठवडे रोज कामावर जाण्याआधी वाकडी वाट करून ती इथं यायची, त्यांना खाद्य म्हणून टाकीत मोजून अमोनिया घालायची, पाणी तपासायची. रिकाम्या टाकीची एवढी सरबराई बघून लवकर येऊन बसलेले पेशंट हसायचे, हसोत बापडे. पाणी सलग तीन दिवस स्वच्छ निघालं, तेव्हा कुठे शुक्रवारी तिनं मासे सोडले.

तिनं फिल्टर उघडला. आतला स्पंज पांढराशुभ्र!

"कोणी हात लावला याला?"

रिसेप्शनवरच्या मुलीनं नुसतं आतल्या खोलीकडे बघितलं. भाऊ हातमोजे काढत बाहेर आला. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

"मीच केला साफ. अगं ताई, काय तपकिरी, चिकट झाला होता तो! शनिवारी अवजारांबरोबर मशीनमध्येच घातला. एकशे चौतीस डिग्री. एक जंतू शिल्लक नाही."

ताईला वाटलं, याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी.

"अरे शहाण्या, ते जंतूच तर वाढवत होते मी! तो तपकिरी चिकटा म्हणजेच माझं सगळं काम."

"मला काय माहीत?"

"मग विचारायचं होतंस! हिरडीत स्क्रू बसवलास की तो हाडात रुजेपर्यंत चार-चार महिने थांबवतोस ना लोकांना? मधेच कोणी तो उपटून उकळून आणला, तर चालेल तुला?"

"ताई, हळू. पेशंट बसलेत."

"बसू देत!"

गाल धरून बसलेला एक गृहस्थ आपलं दुखणं विसरून बघत राहिला. ताईनं बादलीत पाणी घेतलं. घरच्या जुन्या टाकीत नेले तर वाचतील, तेही लगेच नेले तर. जाळीत पाच आले. सहावा तोवर तळाशी आडवा झाला होता. तिनं तो हातानं उचलला. डोळे भरून आले, आणि ते भावासमोर भरले म्हणून ती आणखीनच भडकली.

भाऊ जरा वरमला. "लाव ना परत. पाच आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. आणि जिवाणूच होते ते, ताई. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"मी रोज सकाळी साडेसातला इथं येत होते," ताई म्हणाली. "तू आत कॉफी पीत बसलेला असायचास. पाच आठवडे. मी तरी दिसले का रे तुला?"

ताईनं दोन्ही हातांनी बादली उचलली. गाल धरलेल्या गृहस्थानं उठून तिच्यासाठी दार उघडून धरलं.